मामाचा बरणीतला विद्यार्थी

माझा मामा गाडी शिकवतो. चालवत नाही, शिकवतो. बावीस वर्षं तो चालवणाऱ्याच्या शेजारी बसलाय, पायाखाली दुसरा ब्रेक आणि हात मांडीवर. त्यामुळे त्याचा उजवा बूट दर चार महिन्यांनी झिजतो आणि डावा दुकानातून आणल्यासारखा राहतो. जेवताना मामी तावातावाने बोलायला लागली की टेबलाखाली त्याचा उजवा पाय हळूच फरशीवर दाबला जातो. मामीला ते कळतं, मग ती आणखी वेग घेते.

दुसरी खोड म्हणजे अहोजाहो. शिकाऊ माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याला मान दिला की पाय कमी लटपटतात, असं त्याचं शास्त्र आहे. मी त्याची सख्खी भाची. मला त्याने अंगाखांद्यावर खेळवलंय. पण गाडीत बसले की तो मला म्हणतो, "आपण क्लच जरा हळू सोडा." माझं डोकं फिरतं.

सकाळच्या तासाला आम्ही दोघी असायचो. एक मी आणि एक दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या परीक्षेत चार वेळा नापास झाल्या होत्या. एकीने चालवायचं, दुसरीने मागे बसून तिच्या चुका बघायच्या. त्यासाठी मामा आम्हाला बंद पडलेल्या कारखान्याच्या रस्त्यावर न्यायचा, कारण तिथे धडक द्यायला काहीच नव्हतं.

मंगळवारी तिथे एक कुत्रं दिसलं. त्याचं डोकं प्लास्टिकच्या बरणीत अडकलेलं. बरणी आतून वाफेने इतकी पांढरी झालेली की तोंड दिसत नव्हतं. तळाला एक चीर होती, तिच्यातून श्वास तेवढा चालू होता. पाणी पिणं अशक्य. बाई म्हणाल्या, या उन्हात असं फार तर दोन दिवस. मामाच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

भटकी कुत्री पकडणाऱ्या ऑफिसला त्याने लगेच फोन केला. सोमवारनंतर बघू, असं उत्तर आलं. मामा कुणावर ओरडत नाही. त्याने फोनला नमस्कार करून तो ठेवला.

मग त्याने स्वतःच उतरायचं ठरवलं. मामा कुत्र्यांना लहानपणापासून टरकतो. दोन स्वेटर, हेल्मेट आणि मामीचे ओव्हनचे हातमोजे घालून तो दुपारी पुन्हा तिथे हजर झाला. त्या दिवशीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो घाट शिकायला आलेला असो की पार्किंग, त्याच रस्त्याचा धडा मिळाला. दहा पावलांवर उभा राहून मामा कुत्र्याला सूचना द्यायचा. घाबरू नका. सरळ या. आता थोडं उजवीकडे. कुत्रं बिचारं आवाजाच्या दिशेने आलं, उजवीकडे वळलं आणि चरात पडलं. मामाने लगेच माफी मागितली. चूक विद्यार्थ्याची नव्हती, शिकवणाऱ्याची होती, असं तो संध्याकाळभर म्हणत होता. कुत्रं तोवर चरातून उठून झुडपांत पसार झालं होतं. मामा त्या दिवशी जेवला नाही.

बुधवारी सकाळी ते रस्त्याच्या कडेला आडवं पडलेलं सापडलं. गाडीच्या आवाजाने उठलं नाही. मामाने हेल्मेट काढून फेकलं, सरळ जाऊन त्याला उचललं आणि मागे बाईंच्या मांडीवर ठेवलं. बरणीसकट डोकं धरायचं काम त्यांचं होतं. त्यांचा दवाखाना सर्वांत जवळ, कापायची हत्यारंही तिथेच. मागचे पाय धरायला मी त्यांच्या शेजारी बसले. मामा धावत पुढे आला, बसला, पट्टा लावला आणि म्हणाला, "चला. आरसा बघा, पहिला गिअर टाका."

गाडी हलली नाही. मामाने धीराने तेच पुन्हा सांगितलं, वर घाई कुणालाच नाही असंही म्हणाला.

"मामा," मी म्हणाले, "तिथे कुणी बसलेलंच नाहीये."

स्टिअरिंगमागच्या रिकाम्या सीटकडे त्याने पाहिलं. मग मागे वळून आमच्याकडे पाहिलं. बाई हात सोडू शकत नव्हत्या, आणि माझा तो तिसराच तास. मी म्हटलं, तूच चालव की. कुत्र्याचा श्वास बरणीत घरघर करत होता.

"पण माझ्या शेजारी कोण बसणार?" तो म्हणाला. "इतकी वर्षं झाली गं. दुसऱ्या ब्रेकवर कुणाचा तरी पाय असल्याशिवाय मला नाही जमायचं."

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. बावीस वर्षं सगळ्या गावाची भीती हा माणूस एका पायाने थोपवत होता, आणि त्याच्यासाठी कुणाचा पाय नव्हता. मी कुत्र्याचे पाय बाईंच्या ओढणीत गुंडाळले आणि पुढे जाऊन त्याच्या जागेवर बसले. तो स्टिअरिंगमागे सरकला.

"आपण आरसा बघा," मी म्हणाले. "आता इशारा. आता हळू निघा." मामाने तंतोतंत ऐकलं. दवाखान्यापर्यंत मी तीन वेळा ब्रेक दाबला. त्यातला एक निव्वळ हौसेने.

गाल सुजलेले एक गृहस्थ दवाखान्यात सकाळपासून नंबर लावून बसले होते. त्यांच्या पुढून कुत्रं आत गेलं आणि खुर्चीवर आडवं झालं. ते दारापर्यंत आले, आत डोकावले आणि निमूटपणे घरी गेले. बाईंनी डोक्यावरचा दिवा लावला आणि बारीक चकतीने बरणीची कड कापायला घेतली. मामा कुत्र्याची पाठ थोपटत प्रत्येक पायरी समजावून सांगत होता. आता जरा आवाज होईल. आता जरा ओढल्यासारखं वाटेल.

बरणी निघाली. कुत्रं चूळ भरायच्या भांड्यावर तुटून पडलं. बाई नळ चालू ठेवून थांबल्या. त्याचं पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सवयीने त्याचा ओठ वर करून पाहिला, दिवा जवळ ओढला आणि पुन्हा पाहिलं.

"अहो, यांना एकही दात नाही," त्या म्हणाल्या. "फार म्हातारे आहेत. काही चावता येत नसणार. बरणीच्या तळाशी मऊ काहीतरी चिकटलेलं असेल, तेवढं चाटायला गेले."

मामा तिथल्या स्टुलावर बसला आणि चक्क रडला. लाज वगैरे काही नाही, नाक ओढत, आमच्यादेखत. मग त्याने चेहरा धुतला आणि मामीला फोन लावला. मामीने आजवर घरात मासासुद्धा पाळू दिलेला नाही. मामा म्हणाला की एका वृद्ध गृहस्थांना घरी घेऊन येतोय, त्यांचं कुणी नाही, दातही नाहीत, तर काहीतरी अगदी मऊ शिजव.

ते किती दिवस राहणार आहेत, असं मामीने विचारलं. मामाने खुर्चीकडे पाहिलं. कुत्रं झोपलं होतं.

"आता ते कुठे जाणार?" तो म्हणाला.