'जावे' म्हणजे 'जा' नव्हे

गुरुजींनी तेव्हाच माझ्या आईला खरं सांगायला पाहिजे होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. फोनवर दरवेळी गुरुजींचं-माझं यावरून वाजतं. पण त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात भांडण शोभत न्हाई, म्हणून मुळापासून लिहितो.

आदरणीय दिगंबर गुरुजी वडीगोद्रीला आम्हाला मराठी शिकवायचे. पहिल्याच दिवशी मला उभं करून म्हणाले, "'जा' हा आज्ञार्थ, 'जावे' हा विध्यर्थ. फरक सांग." मी म्हणालो, "कसं पण म्हणा गुरुजी, मी जाऊन राह्यलो." वर्ग हसला, गुरुजीही हसले. नववीत मी खरंच शाळा सोडली.

गुरुजी पत्रिकाही पाहतात. पैसा घेत न्हाईत आणि व्याकरण सोडत न्हाईत. मस्तगडचे एक कापडवाले शेठ आल्ते. दुकानाबद्दल गुरुजींनी लिहून दिलं, 'चालावे'. शेठ चिडले, "एवढा खर्चा करून आलो, अन् नुसतं चालावे? चालेल लिहा की!"

"'चालेल' लिहायला मी काय ब्रह्मदेव आहे?" गुरुजी म्हणाले.

राशी तीन जातीच्या: चर, स्थिर, द्विस्वभाव. माझी मकर, म्हणजे चर, हालणारी. मला दूर तमिळनाडूत, तिरुपूरच्या कापड कारखान्यात जायचं होतं. आईनं मलाच गुरुजींकडं विचारायला धाडलं. त्यांनी चिठ्ठी दिली: 'मुलाने बाहेर जावे, मात्र आईचे मन पाहावे.' आईला वाचता येत न्हाई. मी वाचून दाखवलं, "जा, आजच जा. गुरुजींचा हुकूम आहे."

आईनं रडत भाकरी बांधून दिली. तेव्हापासून गुरुजी दिसले की ती ऐकवायची, "माझं एकुलतं एक पोर मास्तरनं हाकललं!" मी काय वाचलं असेल ते गुरुजींनी बराबर ओळखलं. तरी इतकी वर्षं ते गप्प राहिले. ती आजारी पडली तेव्हा अंबडच्या दवाखान्यात तेच घेऊन गेले. वाटभर ती तोंड फिरवून बसली.

मी विचारायचो, "सांगत का न्हाई तिला?" ते म्हणायचे, "पोरगं खोटं बोललं हे कळून ती एकटी कशी राहील? माझ्यावर रागावली तर मला बिलकुल चालतं."

परवा मीच आईला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मेल्या, आता कोणत्या तोंडानं जाऊ त्यांच्यापुढं?"

"तोंड हेच राहू दे, शाल नवी घे," मी म्हणालो.

गुरुजींनी शंभरी पाहावी, गुडघे धड राहावेत, आवाज वर्गातल्यासारखाच खणखणीत राहावा. मला सुट्टी न्हाई. सत्काराची शाल माझ्या आईच्या हातून घालावी, ही समितीला विनंती. शालीचे आणि तिच्या रिक्षाचे मिळून पंधराशे रुपये पाठवत आहे.