पाय टेकेल तिथपर्यंत

मोजणीदारांच्या होडीत बसायचं तर आधी काट्यावर बसावं लागे. पनवेलच्या बाजारामागे एक भातगिरणी होती, तिथे गोणी तोलायचा मोठा काटा टांगलेला असे. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर जाणार ठरलं, तेव्हा त्यांनी मला सरळ तिथे नेलं. एका पारड्यात मी मांडी घालून बसलो आणि दुसऱ्यात ते एकेक लोखंडी वजन चढवत गेले. गिरणीतले हमाल काम सोडून बघत उभे राहिले. मोजणीदारांच्या चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. "एक मण पंधरा शेर," असं वहीत लिहून ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही सडपातळ आहात हे फार बरं. तुमच्यामुळे पाण्याची एक घागर जास्त नेता येईल."

त्यांचं नाव गावात कोणी घेत नसे. मोजणी खात्यात नोकरी, म्हणून मोजणीदार. बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांच्या मधे साखळी टाकून उभं राहण्यात त्यांची वीस-बावीस वर्षं गेली होती. मी कऱ्हाडकडचा. नदी पाहिलेली, खाडी नाही. पन्नासच्या सुमाराला पनवेलच्या शाळेत गणित शिकवायला आलो आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. मी गणिताचा मास्तर आहे हे कळल्यावर तिसऱ्याच दिवशी ते भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

होडी अठरा फुटांची. तिला मागच्या बाजूला रॉकेलवर चालणारं एक जुनं इंजिन बसवलेलं. ते सुरू झालं की बंदरावरचे बगळे उडत आणि बंद पडलं की परत येत. खात्याने लिलावात काढलेली एक राहुटीही त्यांच्याकडे होती. मोजणीच्या हंगामात रानावनात मुक्काम करायची सवय त्यांना होतीच. दिवाळी झाली की तीन-तीन, चार-चार दिवसांच्या सफरी सुरू होत. दिवसा खाडीतून जायचं, ओहोटी लागायच्या आत एखाद्या गावच्या धक्क्याला किंवा खडकाळ काठाला लागायचं, राहुटी ठोकायची, भात शिजवायचा. दुसऱ्या दिवशी पुढे.

पण खरी सफर सुरू व्हायची ती दोन महिने आधी, रविवारी सकाळी, त्यांच्या ओटीवर. खाडीचा नकाशा पसरलेला, त्यावर चार कोपऱ्यांना चार वाट्या. पनवेलची खाडी ओहोटीला नुसती चिखलाची गल्ली होते, मधून एक पाण्याची चिरी वाहते. तेव्हा कुठे किती वाजता किती पाणी असेल, हे माहीत नसेल तर माणूस अडकलाच. "आधी पाण्याला विचारायचं, मग पंचांगाला," असं ते म्हणत. मग सामानाची यादी. कंदील एक. काड्यापेट्या दोन, पैकी एक मेणकापडात. सुई-दोरा. लिंबं बारा. लिंबं बाराच का, असं मी एकदा विचारलं. "तीन माणसं, चार दिवस," ते म्हणाले, आणि शाळेत मुलांकडे मी जसा बघतो तसं माझ्याकडे बघितलं.

पहिल्याच वर्षी मी भरतीच्या वेळेत पाऊण तास मिळवायच्या ऐवजी वजा केला. रोजची भरती पाऊण तासाने पुढे जाते, हे मला पाठ होतं, पण हात चुकला. भर दुपारी होडी चिखलात बसली ती सहा तास. होडी चालवायला कोळीवाड्यातले धर्मा नाखवा असत. ते मला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मोजणीदारांनी मात्र शांतपणे स्टोव्ह पेटवला, चहा केला, पहिला कप मला दिला. "मास्तर, चूक आकड्यांची आहे, खाडीची नाही," ते म्हणाले. "खाडी वेळेवर आली आणि वेळेवर गेली. आता आपण वेळेवर चहा घेऊ."

एवढ्या सफरी झाल्या, पण वहिनी कधी आल्या नाहीत. मोजणीदारांच्या पत्नी उरणच्या. वडील मिठागरावर कारकून होते, त्यामुळे बालपण सगळं पाण्याच्या काठावर गेलेलं. त्या पंधरा वर्षांच्या असताना त्यांचा थोरला भाऊ मचव्यातून मुंबईला निघाला आणि वाऱ्यात मचवा उलटला. भाऊ सापडला नाही. तेव्हापासून वहिनींनी बंदराचं तोंड पाहिलं नव्हतं. गणपती पोचवायला सगळी आळी जाई, वहिनी दारातूनच हात जोडत. आमच्या सफरींचा चिवडा त्या करायच्या, डबे बांधून द्यायच्या, आणि आम्ही परत येईपर्यंत त्यांच्या घरात रोज दोन वेळा देवापुढे दिवा लागायचा, हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं.

एका रविवारी त्या चहा घेऊन ओटीवर आल्या आणि नकाशाजवळ जरा रेंगाळल्या. मोजणीदारांनी मान वर न करता विचारलं, "येणार का एकदा?"

वहिनी हसल्या. "येईन की. पाय टेकेल तिथपर्यंतच न्या म्हणजे झालं."

मी समजलो, त्यांनी विषय टाळला. मोजणीदार तसं समजले नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ नकाशाकडे बघत बसले. पुढच्या रविवारी त्यांनी मला बंदरावर बोलावलं तेव्हा त्यांच्या हातात दहा फुटांची एक बांबूची काठी होती. तिच्यावर इंचाइंचाच्या खुणा, आणि तीन फूट अकरा इंचांवर तांबड्या रंगाचा पट्टा.

"हे काय?"

"तिचा खांदा," मोजणीदार म्हणाले.

धर्मा नाखवा खो खो हसले. "मोजनीदार, आवो चिकल हाय तो! पाय टेकवून काय करनार? बाय मांडीपरत आत जाईल."

मोजणीदारांना हे पटलं. दुसऱ्या आठवड्यात काठीच्या टोकाला वहिनींच्या जुन्या चपलेच्या मापाची एक फळी ठोकलेली होती. काठी टाकायची, मी तिच्यावर भार द्यायचा, आणि फळी रुतली नाही तर तिथे पाय टेकतो असं धरायचं. असे आम्ही दोन हिवाळे रविवारमागून रविवार हिंडलो. कुठे कालवांच्या शिंपल्यांचा कडक थर लागे, कुठे वाळू, कुठे बुडालेला खडक. तसे ठिपके नकाशावर पडत गेले. इंजिनाच्या पंख्याला दोन फूट पाणी लागे आणि वहिनींना चार फुटांच्या वर चालणार नव्हतं. तेवढ्या दोन फुटांत चार दिवसांचा प्रवास बसवायचा होता. एका टप्प्याला सरळ गेलं तर दीड तासाची वाट, ती आमच्या नकाशावर साडेतीन तासांची झाली. मोजणीदारांना त्याचं काही वाटलं नाही. "जमिनीवरसुद्धा रस्ता सरळ कुठे असतो?" ते म्हणाले.

अडचण एकाच जागी होती. उलव्याच्या पलीकडे एक उपखाडी मुख्य खाडीला मिळते. ती ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. तिच्या तोंडाशी वाळूची एक पट्टी आम्हाला सापडली. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ओहोटी सरून पाणी चढू लागलं की सकाळी सव्वाआठपासून पुढे अर्धा तास त्या पट्टीवर बरोबर हवं तेवढं पाणी असे. अर्धा तास संपला की पट्टी बुडून तिच्यावर ओढ लागे आणि होडी शेजारच्या खोल पाण्यातूनच न्यावी लागे.

माघातल्या पौर्णिमेला आम्ही निघालो. वहिनी खरंच आल्या. नऊवारी खोचलेली, एका हाताने होडीची कड धरलेली, दुसऱ्या हातात डबा. पहिला दिवसभर मोजणीदार पुढे बसून दर थोड्या वेळाने काठी पाण्यात टाकत होते आणि ती वर उचलून वहिनींना ओला भाग दाखवत होते. तांबडा पट्टा कोरडा. वहिनी मान हलवत. दुपारनंतर त्यांनी कड सोडली.

पहिला मुक्काम त्या पट्टीच्या अलीकडेच, एका मिठागराच्या काठी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आम्ही सामान होडीत भरलं, आणि बघतो तर वहिनी नाहीत. मिठागरावर आगरी बायका मीठ ओढायला आल्या होत्या, त्यांच्यात त्या उभ्या. एका म्हातारीने त्यांच्या वडिलांचं नाव ओळखलं होतं. "कारकुनांची पोर तू? ये, बस ना वाईच. भाकर टाकलीय. तुझा बापूस लय चांगला मानूस." वहिनी बांधावर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी पदर खोचला, एकीच्या हातातलं फावडं घेतलं आणि मीठ ओढू लागल्या. हसत होत्या. इतक्या वर्षांत त्यांचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

आठ वाजले. मी मोजणीदारांकडे पाहिलं. ते घड्याळ हातात धरून उभे होते. सव्वाआठ झाले. "हाक मारू?" मी विचारलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पावणेनऊ झाले तेव्हा त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. ज्या माणसाने जन्मात कधी भरती चुकवली नाही, तो तिथे उभा राहून ती चुकवत होता.

वहिनी आल्या तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. पदरात वाटीभर खडे मीठ. उपखाडीच्या तोंडाशी खोल पाण्याच्या कडेला आलो, मोजणीदारांनी काठी टाकली आणि ती सरळ आत गेली. तांबडा पट्टा गेला, वरच्या खुणाही गेल्या, मोजणीदारांचं मनगट पाण्यात बुडालं, तरी तळ लागला नाही.

वहिनी मागे धर्मा नाखव्यांशी बोलत होत्या. मी हळूच म्हणालो, "त्यांचं लक्ष नाही. काठी आत घ्या आणि चला. दहा मिनिटांचं काम आहे."

"नाही मास्तर," ते म्हणाले. "तिला आकडा सांगायचा असं ठरलंय." मग मागे वळून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "इथे पाय टेकत नाही. वेळ माझ्या हातून गेली. म्हणशील तर इथूनच परत फिरू."

धर्मा नाखव्यांनी इंजिन मंद केलं. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पुन्हा होडीची कड धरली.

"किती आहे?"

"माहीत नाही. काठी पुरत नाही."

"वेळ तुमच्या हातून नाही गेली," वहिनी म्हणाल्या. "मी मिठात होते. तुम्ही हाक का नाही मारली?"

मोजणीदारांनी खिशातलं घड्याळ चाचपलं. मी होडीच्या तळाकडे बघत राहिलो. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. पाणी संथ होतं, कोवळ्या उन्हात हिरवट दिसत होतं.

"मग ती काठी आत घ्या," त्या शेवटी म्हणाल्या. "उगाच भिजतेय. आणि चला."

मधोमध आल्यावर त्यांनी धर्मा नाखव्यांना इंजिन बंद करायला सांगितलं. एकदम शांतता झाली. वहिनी वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि भावाचं घरातलं नाव घेऊन ते परत सोडलं. एवढंच. दुसरी ओंजळ घेऊन त्यांनी तोंड धुतलं, पदराने पुसलं. धर्मा नाखव्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "चालू करा नाखवा," वहिनी म्हणाल्या, "भात व्हायचाय अजून." पलीकडे लागेपर्यंत मोजणीदार त्यांच्या शेजारी बसून होते. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. माझे डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी उगाच दोर गुंडाळत होतो.

त्या सफरीनंतर ओटीवरच्या रविवारांचं रूप पालटलं. यादी मोजणीदार लिहीत, पण शेवटचा हात वहिनींचा. जादा दोर खोडून त्या आमसुलं लिहीत. "दोर कोणी खात नाही," त्यांचं म्हणणं. पुढच्या सात-आठ वर्षांत आम्ही घारापुरीला गेलो, मोऱ्याला गेलो, रेवसला गेलो. मोऱ्याच्या बाजूचं मोठं पाणी वहिनींनी स्वतः सुकाणू धरून ओलांडलं. मोजणीदार पुढे बसून त्यांना दिशा सांगत आणि वहिनी त्यांच्यापेक्षा धर्मा नाखव्यांचं जास्त ऐकत. यावरून दोघांचं भांडण व्हायचं, आणि ते भांडण ऐकत भाकरी खाण्यात मला जे सुख वाटलं, ते पुढे कुठे वाटलं नाही.

बासष्टला माझी कोल्हापूरकडे बदली झाली. मोजणीदार तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. यष्टी स्टँडवर ते दोघे पोचवायला आले. माझी ट्रंक टपावर चढताना पाहून मोजणीदारांनी हमालाला दोन्ही बाजूंचं वजन सारखं आहे का, ते विचारलं. हमालाला काही कळलं नाही. गाडी सुटताना ते एवढंच म्हणाले, "तिकडे तळं-बिळं आहे का बघा आणि कळवा."

मी कळवत राहिलो, तेही लिहीत राहिले. मग एका पावसाळ्यानंतर पत्र आलं ते वहिनींच्या अक्षरात. मोजणीदार भाद्रपदात गेले. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. शेवटच्या आठवड्यातही उशीला टेकून नागोठण्यापर्यंतची पाच दिवसांची सफर आखत होते, मुक्काम, वेळा, यादी सगळं. ती पुरी करूनच त्यांनी पेन्सिल ठेवली. वाचताना मला पुढच्या ओळी दिसेनात. चष्मा पुसून पुन्हा पत्र उघडलं.

वहिनींनी लिहिलं होतं, "दिवाळीनंतर आम्ही जाऊन आलो. धर्मा नाखवा होते आणि माझी धाकटी जाऊ. जावेला यायचं नव्हतं, तिला पाण्याची भीती. तिला मी पुढे बसवलं आणि सुकाणू मीच धरलं. यांनी लिहिलेल्या सगळ्या वेळा बरोबर निघाल्या. नागोठण्याला नदीत आंबे वाकलेत त्यांच्याखाली राहुटी लावली. जाऊ आता विचारते आहे की, पुन्हा कधी जायचं."