मापाचं बूड

पेट्रोल पंपावर गाडी उभी केली की माणूस एकदम शहाणा होतो. शंभराचं घेतलं तर कमी मिळतं, म्हणून तो एकशे दहाचं मागतो. मशीनला शंभर काय आणि एकशे दहा काय, पण हे त्याला सांगून उपयोग नाही. दुसरा शून्यावर डोळे रोवून बसतो आणि नोझल टाकीत आहे की बाहेर, हे मात्र बघत नाही. मी या पंपांच्या मशीन दुरुस्त करतो. मुर्रीहून निघतो, जिल्हाभर फिरतो, आणि जाईन तिथं मला माझंच काम शिकवणारा एक तरी भेटतोच.

पंपमालक तर त्याहून थोर. तिरोडा रस्त्यावर असा एक होता. बापाचा धंदा, गळ्यात जाड साखळी आणि अक्कल गुडघ्यात. नियम असा आहे, की रोज सकाळी प्रत्येक नोझलमधून पाच लिटर मापात काढून बघायचं, वहीत लिहायचं आणि तेल परत टाकीत ओतायचं. या माणसाला ओतताना उडून जाणारं तेल दिसायचं. त्यानं माप कपाटात कुलूप लावून ठेवलं आणि महिन्याभराची वही एका बैठकीत, एकाच पेनानं भरायला लागला. सगळीकडे पाच. मी ते पाहिलं होतं आणि हसलो होतो.

धानकापणीच्या दिवसांत त्याचा फोन आला. त्याच्या डिझेलच्या नोझलवर एक म्हातारा होता. पंपावर इतकी वर्षं काढलेला, की शर्ट धुतला तरी डिझेलचा वास जात नसे. त्याच्यावर आळ आला होता. एका शेतकऱ्यानं हार्वेस्टरसाठी वीस लिटरचा प्लास्टिकचा डबा भरून नेला आणि परत येऊन बोंब मारली, "माहा डबा दरसाली गळ्यापर्यंत भरते, औंदा कमीच येऊन राहिलं!" आणखी दोघाचौघांनी त्याची री ओढली. मालकाचा निकाल तयार होता. मी येऊन मशीन बरोबर आहे एवढं म्हणायचं, की म्हाताऱ्याला चोर ठरवून चारचौघांत हाकलायचं.

मला पहिला राग आला तो त्या डब्याचा. फुगलेला, उन्हानं पिवळा पडलेला डबा माझ्या मशीनची परीक्षा घेणार! ती मशीन चार महिन्यांपूर्वी मीच मापाला जुळवून दिली होती. तेव्हा माझ्या पाच लिटरच्या मापात तेल खुणेच्या वर चढत होतं. मशीन जास्त देते म्हणून मालकानं छाती बडवून घेतली होती. मग वजनमापाच्या सरकारी साहेबांसमोर मी ती माझ्याच मापानं बरोबर खुणेवर आणली आणि शिक्का बसला.

मी माझं माप काढलं. आधी एकदा भरून रिकामं केलं, कारण कोरड्या मापानं मोजणारा मेकॅनिक नव्हे, भामटा. मग पाच लिटर घेतले. तेल खुणेवर. केसभर फरक नाही.

"मशीन ठीक है?" मालकानं विचारलं.

"एकदम."

"बस. तो फिर यही चोर है."

म्हातारा गयावया करेल असं मला वाटलं. त्यानं केली नाही. "मी काहीच नाई केलो जी," एवढंच तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "तुमचं माप कपाटातल्या मापासंग लावून पाहा ना जी."

"आता माप काय असतं ते तू मला शिकव," मी म्हणालो. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, तरी 'तू' म्हणालो.

त्याची जिरवावी म्हणून कपाट उघडायला लावलं. माझ्या मापातलं तेल पंपाच्या मापात ओतलं. ते खुणेच्या बरंच खाली थांबलं. "कपाट में सड़ गया होगा," मालक म्हणाला. मीही हसलो, पण हसू पुरतं आलं नाही.

पुसायच्या निमित्तानं माझं माप गाडीमागे नेलं. पुसता पुसता हात बुडाखाली गेला. तळ आत दबला होता, उपड्या ताटलीसारखा. उन्हाळ्यात सौंदडच्या रेल्वे फाटकावर ते कॅरिअरवरून पडलं होतं. तेव्हा मी बाजू पाहिल्या, काठ पाहिला, खुणेची काच पाहिली. बूड पाहिलं नाही. तळ आत गेला की मापात तेल कमी मावतं आणि बरोबर मशीनही जास्त देते असं वाटतं. मशीन तेव्हा बरोबरच होती. मीच तिचं तेल कमी करून ती बिघडवली होती आणि वर शिक्का मारून घेतला होता. त्या पंपावर खरं बोलणारे दोनच होते, तो म्हातारा आणि तो पिवळा डबा.

मी भ्यालो. खरं सांगितलं तर काम जाणार, हेच आधी सुचलं. परत येऊन म्हणालो, "लाइनमध्ये हवा होती, पुन्हा घेऊ." या वेळी पंपाच्या मापात घेतलं. अर्थात कमी आलं. "मीटर झिजलंय, यांचा दोष नाही." हवा आणि झीज असे दोन शब्द टाकले की मालक लोक मान हलवतात. अहवालातही झीजच लिहिली. झीज कुणाचीच चूक नसते.

मालकानं म्हाताऱ्याची माफी मागितली नाही. "जा, काम कर," म्हणाला. माझ्या त्या दबक्या मापानं मी मधल्या काळात आणखी तीन पंप जुळवून दिले होते. नवं माप आणून तेही गुपचूप नीट केले, आणि तिथंही झीजच लिहिली.

दोन दिवसांनी तिरोडा रस्त्यावरची मशीन साहेबांसमोर नव्या मापाला जुळवून निघालो, तेव्हा म्हातारा आडवा आला. हातात नव्या तांदळाची थैली.

"तुमी होते म्हणून माहं नाव वाचलं जी. नाईतर पोरीच्या सासरी कोणतं तोंड घेऊन गेलो असतो?"

मी थैली घेतली. न घेण्याचं कारण सांगावं लागलं असतं. बायकोनं त्याच दिवशी भात लावला. मऊ, सुवासाचा झाला होता. मी दोनदा मागून घेतला.