वॉशिंग मशीनवरचं पातेलं

काकूंनी माझ्या हातातलं पातेलं दारातच घेतलं आणि आत नेऊन वॉशिंग मशीनवर ठेवलं.

२००५ सालची गोष्ट. अमेरिकेत, पिस्कॅटवे गावातल्या या मराठी काकूंच्या घरी गणपतीचं पॉटलक होतं. प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. मी नागपूरहून नुकतीच आलेली, युनिव्हर्सिटीत स्पेनचा आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांचा इतिहास शिकायला. सकाळपासून खपून पाटवडीचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या, झणझणीत रस्सा. आई करते तसाच झाला होता, खोटं कशाला बोलू.

दारात काकूंनी आडनाव विचारलं. सांगितलं.

"नागपुरात कुठे गं?"

"इंदोऱ्याला."

"हो का. दे ते इकडे. टेबलावर जागा नाहीये, नंतर काढू."

टेबलावर जागा होती. माझ्यामागून माझ्याच वर्गातली गौरी आली, तिचा साखरभात मधोमध बसला. निघताना माझं पातेलं मला परत मिळालं. वरची फॉइल मी लावली तशीच. "अगं, राहूनच गेलं बघ," काकू म्हणाल्या. घरी येऊन तो रस्सा मी एकटीनं खाल्ला.

पुढच्या वेळी काकूंचा फोन आला. "तू स्टुडंट आहेस, कशाला त्रास घेतेस? पेपर प्लेट्स आण." त्याच्या पुढच्या वेळीही तेच. गौरीही स्टुडंटच होती. तिला कुणी प्लेट्स सांगितल्या नाहीत. मी मात्र मुकाट्यानं आणत राहिले. चार शब्द मराठी कानावर पडावेत म्हणून माणूस काय काय गिळतो.

गौरी पुण्याची. वडिलांनी तिला कॉलेजात असतानाच स्पेनमध्ये सेव्हियाला स्पॅनिश शिकायला पाठवलं होतं. मी स्पॅनिश शिकले घासून गेलेल्या कॅसेटींवर. जुने कागद मी तिच्याहून भराभर वाचायचे, पण तोंड उघडलं की प्रोफेसर कान पुढे करायचे. तिचं चुकलं तरी लोक हसून सावरून घ्यायचे. तिच्या घरात तिच्या आजोबांची पुस्तकांची कपाटं. मला तिचा हेवा वाटायचा. जळायचे मी. तिचा आवाज हवा होता, तिचं आडनावसुद्धा हवं होतं.

पुढच्या सेमिस्टरला आम्ही स्पेनमधले धर्मांतरित ज्यू शिकत होतो. मार खाऊन, भिऊन ख्रिश्चन झालेले. त्यांच्या नातवंडांनाही लोक 'नवे ख्रिश्चन' म्हणत. हे अजून गुपचूप ज्यूच आहेत, अशी साक्ष शेजारी धर्मन्यायालयात जाऊन देत. ही बाई डुकराच्या चरबीत रांधत नाही, तेलात रांधते. ही आमच्याकडचं खात नाही. लायब्ररीत ते पान मी दोनदा वाचलं. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतली. त्यांना कुणी मारूनमुटकून नेलं नव्हतं, ते आपल्या पायांनी चालत गेले होते. तरी आम्हाला, इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतल्यांना, अजून नवबौद्ध म्हणतात. किती पिढ्या नवं राहायचं माणसानं?

मग गौरीचं प्रेझेंटेशन. मुसलमान, ज्यू आणि ख्रिश्चन स्पेनमध्ये कसे गुण्यागोविंदानं नांदले, हा विषय. छान बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, "आमचं मराठी पॉटलक अगदी असंच असतं. कुणी कुणाला जात विचारत नाही. प्रत्येकजण आपला पदार्थ आणतो." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "हो ना गं?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मान हलवायची मला सवय होती. त्या दिवशी हलली नाही.

"नाही," मी इंग्रजीत म्हणाले. "मी पदार्थ आणत नाही. मी पेपर प्लेट्स आणते."

मग सगळं सांगितलं. आडनाव, इंदोरा, वॉशिंग मशीन. इंग्रजी अडखळत होतं. अडखळू दिलं.

बाहेर गौरीनं मला गाठलं. डोळे भरलेले. "यार, सगळ्यांसमोर कशाला काढलंस? मला खरंच माहीत नव्हतं."

खरंच नसेल. आजवर तिच्या जितक्या गोष्टींचा हेवा केला, त्या सगळ्यांहून मोठा हेवा मला त्या क्षणी वाटला. तिला माहीत नसलं तरी चालत होतं.

उन्हाळ्यात सेव्हियाला जायची ग्रँट तिलाच मिळाली. मी जळले. अजून जळते.

त्यानंतरच्या दिवाळीला काकूंचा फोन आला. "प्लेट्सचं तू बघशील ना?"

"नाही काकू. मी पाटवडीचा रस्सा आणते. टेबलावर ठेवणार असाल तर."

काकूंनी पलीकडे टीव्हीचा आवाज कमी केला. मग, "अगं, या वेळी जेवण खूपच होतंय."

"मग मी येत नाही," म्हणाले आणि फोन ठेवला. त्या घरची पायरी परत चढले नाही. त्या दिवाळीला मराठीचा एक शब्द कानावर पडला नाही.

प्रबंधाला विषय म्हणून मी स्पेनमधल्या त्या शेजाऱ्यांच्या साक्षी घेतल्यात. कुणाच्या हातचं कोण खात नव्हतं, एवढंच शोधतेय. सुरुवात पिस्कॅटवेपासून केलीय. प्रोफेसर म्हणाले, "लिखाण चांगलं आहे, पण पहिल्या पानावरचं ते वॉशिंग मशीन काढून टाक. ते फार पर्सनल आहे."

काढणार नाही. या वेळी माझं पातेलं कुठे ठेवायचं, ते मी ठरवणार.