माटोळी आणणारा

आमच्या गावच्या देवळात पंख्यांच्या पात्यांवर दात्यांची नावं रंगवलेली आहेत. पंखा बंद असला की नाव वाचता येतं. फिरू लागला की दाता वाऱ्यात विरघळून जातो. त्यामुळे आरतीला कितीही उकडत असलं तरी माझा चुलतभाऊ पंखा लावायला उशीर करतो, अशी माझी जुनी शंका आहे. एका पात्यावर त्याचं नाव आहे, पायरीवर त्याच्या वडिलांचं. घंटेवरही कोणाचं तरी असेल, पण तिथे तेलाचा थर इतका आहे की पुण्य वाचता येत नाही.

माझ्या दादाचं नाव देवळात कुठेच नाही. तो डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवायचा. त्याच्या हातून आयुष्यात जे काही चांगलं झालं म्हणता येईल, ते तो वर्षातून एकदा, गणेशचवथीच्या आदल्या दिवशी, चोपड्याच्या एका म्हातारीच्या दारात नेऊन ठेवायचा.

म्हातारीच्या मुलाचा जीव दादाच्या टिपरखाली गेला होता.

शनिवारची दुपार होती. मुलगा डिचोलीच्या एका गॅरेजमध्ये कामाला होता आणि स्कूटरवरून घरी चोपड्याला निघाला होता. बावीस वर्षांचा. दादाची त्या दिवशीची सहावी खेप. खटला तीन वर्षं चालला. शेवटी कोर्टाने दोष अरुंद रस्त्याला, खनिजाच्या धुळीला आणि मेलेल्याच्या वेगाला वाटून दिला. दादाच्या वाट्याला काहीच आलं नाही. निर्दोष सुटून तो घरी आला, अंगण ओलांडताना थांबला आणि मला म्हणाला, "बाय, माझा डोळा लागला होता."

हे त्याने कोर्टात सांगितलं नव्हतं. मीही कोणाला सांगितलं नाही.

त्याच वर्षीच्या चवथीला त्याने वाळपईकडच्या रानात जाऊन माटोळीचं सामान गोळा केलं. आमच्याकडे गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, पानं, फुलं केवणीच्या सालीच्या दोराने बांधतात, ती माटोळी. नारळ, सुपारीचं शिपटं कुठेही मिळतं, पण कांगलां, माट्टी, तांबडं कवंडळ यांच्यासाठी रान तुडवावं लागतं. चोपडे नदीकाठचं गाव, तिथे मासळी आहे, शेती आहे, असलं रान नाही. म्हातारीच्या घरची माटोळी तिचा मुलगा आणायचा, हे दादाने कोर्टाच्या व्हरांड्यात कोणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं.

तिने दार उघडलं. तीन वर्षं कोर्टात समोरासमोर बसल्यावर ओळख पटायला वेळ लागत नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या गोणीकडे पाहिलं, म्हणाली, "ठेव थंय." मग आत जाऊन चहा आणला. तो त्याने अंगणात उभ्याने प्यायला.

अशी अठरा वर्षं गेली. पावसाआधी तो तिच्या घराची कौलं परतून द्यायचा, लाकडं फोडून ठेवायचा. दोघांमध्ये बोलणं असं नव्हतंच. 'ठेव थंय' आणि चहा. दादा घरी येऊन आंघोळ करायचा आणि न जेवता निजायचा. मी त्याला एकदा विचारलं, "किती वर्षं नेणार?" म्हणाला, "फिटेपर्यंत."

खाणी बंद पडल्यावर तो मोपाच्या पठारावर विमानतळाची माती ओढायला गेला. तिथे त्याला एक म्हातारा मेकॅनिक भेटला, जो रविवारी टायरच्या दुकानावरच्या खोलीत येशूची प्रार्थना चालवायचा. अशांना आमच्याकडे बिलिव्हर म्हणतात. त्यांना हिंदू हसतात आणि किरिस्तांवही हसतात. या एका बाबतीत गोव्यात खराखुरा सर्वधर्मसमभाव आहे. सहा महिन्यांत दादा बिलिव्हर झाला.

त्याने बोलावलं म्हणून मी एकदा गेले. पंधरा माणसांसाठी दोन कर्णे होते. मेकॅनिकने मे महिन्यात टाय बांधला होता. मी सगळा जन्म ग्रंथपाल म्हणून काढला, खोलीत जाताच आधी कपाटाकडे बघते. तिथे एकच काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं आणि पंधरा जण त्यातलं ऐकून डोळे पुसत होते. पंख्याची पाती तेवढी बदलली, असं मला वाटलं. तसं मी परत येताना बोलूनही दाखवलं.

दादा रागावला नाही. तेच मला खटकलं. आधी तो रागवायचा.

"तारण झालं म्हणतोस, ते तारण म्हणजे काय ते तरी सांग," मी म्हटलं.

"तुझ्यासारखं नाही सांगता येणार गे." मग थोडं चालून म्हणाला, "चढणीला टिपर अडकला की पुढून दोर लावून ओढतात ना? तेव्हा आपण काय करायचं असतं? न्यूट्रलला टाकायचा आणि स्टिअरिंग धरून बसायचं. मी अठरा वर्षं गियरात ठेवून रेस देत होतो. चाकं फिरत होती आणि खड्डा खोल होत होता. ओढणारा पुढे उभाच होता."

"आणि फेडायचं?"

"ते त्याने फेडलं. माझ्याने फिटणारं नव्हतंच."

"म्हणजे फुकट."

"हो," दादा म्हणाला. "मलाही आधी त्याचीच लाज वाटली."

मला लाज वाटली नाही, राग आला. एका बाईचा मुलगा मेला, आणि टायरच्या दुकानावरच्या खोलीत, कर्ण्याच्या आवाजात, भलत्याच कोणाकडून त्याची माफी मिळते! जन्मभर नीट वागणाऱ्या आमच्यासारख्यांनी मग काय करायचं? आजवर मी जे बोलले त्यातलं सगळ्यात धारदार वाक्य मी त्या रस्त्यावर बोलले. म्हटलं, "वर माफ झालं, बरं झालं. चोपड्याला विचारलंस का?"

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेला. चवथ लांब होती, खांद्यावर गोण नव्हती. त्याला रिकाम्या हाताने आलेला पाहून म्हातारी म्हणाली, "आता कित्याक इलंस?" त्याने अंगणात उभं राहून सांगितलं की त्या दुपारी माझा डोळा लागला होता, कोर्टात मी खोटं बोललो, मला माफ कर. म्हातारीने ऐकून घेतलं. मग उठली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

हे सगळं त्यानेच मला सांगितलं. माझ्या बोलण्याचा उल्लेखही केला नाही.

त्या वर्षी चवथीला तो पुन्हा गोण घेऊन निघाला तेव्हा दोन्हीकडून विरोध झाला. मेकॅनिकचं म्हणणं, मूर्तिपूजेचं सामान वाहू नये. दादाने त्याला सांगितलं, "देवाला नेत नाही, म्हातारीला नेतो." माझं म्हणणं वेगळं होतं. "आता फेडायचं काही उरलं नाही म्हणतोस, मग जातोस कशाला?"

तो गोणीचं तोंड बांधत होता. "आधी जड लागायची," म्हणाला.

म्हातारीने दार उघडलं, "ठेव थंय" म्हणाली, आणि आत गेली. चहा आला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

यंदा उन्हाळ्यात दादाला धाप लागू लागली. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडावर धरला. खाणीची इतकी वर्षं त्याच्या छातीत पांढरी होऊन बसली होती. आषाढात तो अंथरुणाला लागला. एके सकाळी त्याच्या डोळ्यांत मला काहीतरी वाट पाहणारं दिसलं, निदान तसं वाटलं, आणि मी त्याला न सांगता चोपड्याला गेले. त्याच्या तारणावर माझा विश्वास नव्हता. त्या म्हातारीच्या एका शब्दावर होता, आणि तो शब्द त्याच्या कानावर पडल्याशिवाय तो जाऊ नये असं मला वाटत होतं.

म्हातारी सोप्यावर बसून माडाच्या झावळीचे हीर काढत होती. मी कोण ते सांगितलं. तो चालला आहे हेही सांगितलं. "एक शब्द द्या," म्हटलं. "तेवढंच मागायला आले."

तिने हातातला हीर पुरा सोलला.

"माझ्याकडे ता नाय गो बाय," ती म्हणाली. "मी शोधून बघलंय. असता तर दिला असता. ठेवून काय करतलंय?"

तिच्या आवाजात राग असता तर मी वाद घातला असता. डब्यातले तांदूळ संपलेत असं सांगावं तसं तिने ते सांगितलं होतं.

घरी आले तर दादा जागा होता. कुठे गेले होते ते त्याने ओळखलं. "काय म्हणाली?"

"माफ केलं म्हणाली."

तो हसला, हसता हसता खोकला. पाणी पिऊन म्हणाला, "माफ हा तुझ्या लायब्ररीतला शब्द. तिच्या तोंडचा नाही." मग माझा हात धरला. "राहू दे गे. गाडी न्यूट्रलला आहे. तेवढी माटोळी चुकवू नको."

चवथीच्या आदल्या दिवसापासून मोजलं तर पाच दिवस आधी तो गेला. त्याच्या बिलिव्हर मंडळींनी त्याला दूर त्यांच्या जागेत पुरलं. गावातून मी एकटी होते. मेकॅनिकने टाय बांधला नव्हता, आणि माती लोटताना तो इतका रडला की मला त्याच्याविषयीची बरीचशी विनोदबुद्धी परत घ्यावी लागली.

संध्याकाळी चुलतभाऊ आला. चेहरा दुखवट्याचा होता, पण घाईचाही.

"ताई, वाईट वाटून घेऊ नकोस. मी भटजींना फोन केला होता. दादाने धर्म सोडला, म्हणजे गोत्र सुटलं. आपल्याला सुतक येत नाही."

"असं?"

"नाहीतर बघ, मूर्ती सांगितलेली, नेवऱ्यांचं सारण झालेलं. पोरं मुंबईहून यायची आहेत. चवथीला तू ये हां, नेहमीसारखी."

दादाने जन्मात आमच्या घराण्यावर केलेला हा एकच उपकार, जो सगळ्यांनी मनापासून मान्य केला.  सुतकावर माझा विश्वास कधीच नव्हता. जे मानत नाही त्यासाठी भांडायचं कशाला, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला भांडायचा कंटाळा आला होता.

चवथीच्या आदल्या दिवशी मी डिचोलीच्या बाजारात गेले. वाळपईकडच्या बायका रानातलं सामान घेऊन बसल्या होत्या. माझ्या हातात मी काय धरलंय ते मलाच कळत नव्हतं. विकणारी हसली. "बाई, एवढे केस पिकले आणि माट्टी ओळखत नाय?" तिनेच सगळं निवडून गोणीत भरलं, वर केवणीचा दोर ठेवला. बसमध्ये गोण मांडीवर घेऊन बसले. जड होती.

म्हातारी सोप्यावरच होती. "ठेव थंय" म्हणाली नाही. मी आपणहून गोण खाली ठेवली. उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. चवथीला घरोघरी असते तशी सारवलेली नव्हती. गणपतीचा पाट भिंतीला उभा केलेला. छताच्या कड्या मोकळ्या होत्या आणि माटोळीची चौकट कोपऱ्यात, धूळ न पुसलेली.

"बस," ती म्हणाली. "चाय विचारूक नाय म्हणून राग धरू नको. घरात सुतक आसा."

मला वाटलं, तिचा कोणी भाऊ, दीर. "कोण वारलं?"

तिने गोणीकडे बोट केलं.

"ह्या हाडणारो."

हे आणणारा, म्हणजे दादा. शेजारच्या घरातून कोणीतरी पोरांना ओरडत होतं, माटोळीला हात लावू नका म्हणून.

"तुमचो तो बिलिव्हर इल्लो सांगूक," ती म्हणाली. "गणपती मूर्तिकाराच्या चित्रशाळेतच ठेवलंय. लोक म्हणतत, म्हातारी खुळावली. तेचा आणि तुझा काय? कोण तो तुझो? म्हणू देत."

"मावशी, आमच्या घरात..." मी सुरुवात केली आणि थांबले. आमच्या घरात त्या घटकेला सणाच्या नेवऱ्या तळल्या जात होत्या, हे मला तिथे सांगता येईना.

जुलैमध्ये तिच्याकडे ते नव्हतं. ते कुठून आलं, कधी आलं, तिने पुन्हा शोधलं का, तिला तरी ठाऊक होतं का, यातलं मला काहीच माहीत नाही. दादाला ते कळलं नाही एवढं माहीत आहे. पाच दिवस आधी कळलं असतं तर, हा विचार मी तेव्हापासून रोज करते. तो माझ्या या मोजण्याला हसला असता.

मी चप्पल काढून सोप्यावर तिच्या शेजारी बसले. गोणीच्या तोंडातून एक कवंडळ घरंगळून पायरीवर आलं. दोघींपैकी कोणी ते उचललं नाही.

"आज कितवो?" तिने विचारलं.

बोटांवर मोजायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. "सहावा."

"म्हणजे चार रवले," म्हातारी म्हणाली, आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.