दहा चाळीस ते दहा बावन्न

"तुमचं हृदय थांबलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आता ते चालतंय. दोन्ही गोष्टी नीट समजून घ्या."

शुद्धीवर आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी हे ऐकले. त्यांनी वापरलेला शब्द होता कार्डिॲक अरेस्ट. पुष्कळजण हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट एकच समजतात. मीही समजत होतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, पण हृदय बहुधा चालू असते. कार्डिॲक अरेस्टमध्ये ते रक्त ढकलणेच सोडून देते. माझ्या बाबतीत पहिल्यातून दुसरे उद्भवले.

पेडणे तालुक्यातील शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवले. म्हणून घडले ते क्रमाने सांगतो. असा प्रसंग उद्या कोणाच्याही दारात उभा राहू शकतो.

त्या सकाळी जबडा जड वाटत होता. पाठीला घाम आला. पित्त समजून मी कोकमाचे पाणी प्यालो आणि बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, बाकावर बसलो. ही पहिली चूक, आणि ती माझी. वळणावर म्हापशाच्या बसचा हॉर्न वाजला. ती रोज दहा चाळीसला येते. हॉर्न संपण्याआधी माझा गाल गार लादीवर टेकला होता.

यानंतर मला काही आठवू नये, असे सर्वांचे म्हणणे होते. मला आठवत होते. दिसत काहीच नव्हते. नुसते ऐकू येत होते, विहिरीच्या तळाशी बसून काठावरचे बोलणे ऐकावे तसे.

रुग्णालयात इको झाली, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढले. अँजिओग्राफी झाली, म्हणजे नळीतून रंग सोडून तुंबलेली जागा शोधली. तेथे स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवली. बाहेरच्या बाकावर पत्नी शालिनी आणि धाकटा भाऊ वसंत आळीपाळीने बसत. वसंत तुयेच्या कारखान्यात फोरमन होता; त्या सकाळी तो घरीच होता. दोघेही माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

पाचव्या दिवशी डॉक्टर एक फॉर्म घेऊन आल्या, तेव्हा शालिनी आणि वसंत माझ्या खाटेशीच बसले होते. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी, घरात आणि रुग्णवाहिकेत, रुग्णावर काय उपचार होतात आणि त्यांचा किती उपयोग होतो, यावर त्यांचे संशोधन चालू होते. मी बेशुद्ध असताना त्यात माझी नोंद झाली होती. आता ती ठेवायची की काढायची, ते मी सांगायचे होते. याला डिफर्ड कन्सेंट म्हणतात: संमती विचारण्याइतका वेळ नसतो, म्हणून ती नंतर विचारतात. जे माझ्यावर घडून गेले, पण ज्यात मी नव्हतो, त्याला मी परवानगी द्यायची होती. मी पेन घेतले आणि फॉर्म वाचू लागलो.

फॉर्मवर एक रकाना होता: कोसळण्याची वेळ. समोर लिहिले होते, दहा एक्कावन्न. रुग्णवाहिकेला फोन लागल्याची वेळ यंत्राने नोंदवली होती, दहा बावन्न.

"ही वेळ कोणी सांगितली?"

"तुमच्या पत्नींनी. पडताक्षणीच फोन केला म्हणाल्या."

मी म्हणालो, "मी दहा चाळीसला पडलो. बस गेली. मग वसंत म्हणाला, हलवू नको, आधी कौल घेतंय."

आमच्याकडे घरचे माणूस इस्पितळात न्यायचे, तर देवाला विचारतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची आधी पडली, तर होकार. देऊळ आमच्या घरासमोरच आहे.

वसंत ताडकन उठला. "दादा, तुका कसां कळलां? तू तर शुद्धीत नव्हतंस!"

"मग परत येऊन म्हणालास, उजवो कौल जालो, आता इस्पितळात व्हरूया."

शालिनीने पदर तोंडाशी धरला. वसंत डॉक्टरांकडे वळला. "झटको मोठो बसलो हा तेका. कायबाय बोलता."

डॉक्टर हसल्या नाहीत. "आणखी काय ऐकलं?"

"फोनवर एक बाई छाती दाबायला सांगत होत्या. शालिनी तीसपर्यंत मोजत होती. प्रत्येक वेळी एकोणतीस गाळत होती."

"मी?" शालिनी म्हणाली. "मास्तरान माझी आताही परीक्षा घेतली?"

फोनचे ध्वनिमुद्रण संशोधनाच्या कागदांबरोबर होते. डॉक्टरांनी ते लावले. शालिनीचा धापा टाकणारा आवाज आला. सत्तावीस, अठ्ठावीस, तीस. पुन्हा एकपासून. सत्तावीस, अठ्ठावीस, तीस.

तिसऱ्या फेरीला अठ्ठावीसनंतर एक खोल, घोगरा पुरुषी आवाज आला: "एकोणतीस."

वसंत हळूच म्हणाला, "मी तेव्हा रस्त्यार होतंय. रुग्णवाहिकेक हात दाखवत."

डॉक्टरांनी तेवढा भाग पुन्हा ऐकवला. मी तीस वर्षे वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोहोचवलेला तो माझाच आवाज होता.

"छाती दाबल्यानं थोडं रक्त मेंदूला पोहोचतं," त्या म्हणाल्या. "क्वचित एखादा रुग्ण कण्हतो, बोलतोसुद्धा. हे मी समजावू शकते. पण त्याआधीची बारा मिनिटं? कदाचित तेव्हा हृदय मंद चालत होतं. कदाचित नाही. श्वास चालू होता का, हे कोणी पाहिलं?"

कोणी पाहिले नव्हते.

"एक्कावन्न राहिलं, तर आमच्या नोंदीत तुम्ही असा रुग्ण व्हाल, ज्याला लगेच मदत मिळाली. त्यावरून आम्ही पुढच्यांसाठी चुकीचं शिकू."

निर्णय माझा होता. खरी वेळ लिहिली, तर शालिनी आणि वसंत यांनी बारा मिनिटे मला तसेच पडू दिले, हे कायमचे कागदावर येणार होते. नाव काढले, तर सर्व झाकले जाणार होते. मी शालिनीकडे पाहिले आणि पेन तिच्यापुढे धरले.

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "माका वाटलां, देव काय तां सांगतलो. तुमी पडलात, तेव्हा बस जात होती." तिने आकडा खोडून स्वतःच्या हाताने लिहिले, दहा चाळीस. खाली मी सही केली.

वसंत खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "पण कौल उजवोच जालो ना, दादा?"

"जालो," शालिनी म्हणाली. "फोन करून गेलं असतंस, तरी उजवोच जालो असतो."

माणूस अचानक कोसळला, हाकेला उत्तर देत नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर प्रथम रुग्णवाहिकेला फोन करा आणि छाती दाबायला लागा. देव थांबतो. फोनवरच्या त्या बाईंचा मी कायमचा ऋणी आहे.

मागच्या महिन्यात देवळाच्या मंडपात रबरी पुतळ्यावर छाती दाबण्याचा गावाचा सराव झाला. पहिला फोन कोणी करायचा, हे वसंतनेच सर्वांना बजावले. शालिनी मोजू लागली. अठ्ठावीसनंतर ती थांबली, तिने माझ्याकडे पाहिले, आणि ती वाट पाहत राहिली.

मी तोंड उघडण्याआधी मला तो आकडा ऐकू आला, माझ्याच आवाजात.