उभी राहणारी

नागभीडच्या बसस्टँडवर एक बाई माझ्या बाजूला बसली होती, रिकामी टोपली मांडीवर घेऊन. बोलतानाही तिची मान सारखी मागं वळायची. मी लिहीत असलेल्या अद्भुतरम्य कादंबरीतल्या सात मित्रांवर मी ‘नायकाचा प्रवास’ हा सिद्धांत बसवत होतो. काय लिहून राह्यले, असं तिनं विचारलं, म्हणून समजावलं. नायक घर सोडतो, रानात जातो, संकट झेलतो आणि काहीतरी घेऊन परततो. माझे तर सातही जण नायक आहेत.

“अन् उभा कोन राह्यते?”

मला कळलं नाही.

“आमी सात जनी रानात मोहाची फुलं वेचाले जातो. वाकलेलं मानूस वाघाले जनावर वाटते. म्हनून एक जन वेचत नाई, उभी राहून पहारा देते. घरी जातानी बाकीच्या तिच्या टोपलीत ओंजळ-ओंजळ टाकतेत.”

“म्हणजे ती दुय्यम पात्र,” मी अक्कल पाजळली.

तिनं पुन्हा मागं पाहिलं. “मलेबी तसंच वाटलं, भाऊ. उभं राह्याची पारी माही होती, पन मीबी वेचाले वाकली. सहाच जनी वापस आलो.”

कादंबरी छापून आली. रचना बांधेसूद आहे म्हणतात. सातही जण वाकलेले आहेत, हे अजून कुणाला दिसलेलं नाही.